सकाळ वसूल, दुपार पाण्यात

भोसरीत माझ्या हाताखाली अकरा वेल्डर आहेत. कंपनीने पाठवलं म्हणून साहेब आणि हाताखालच्यांच्या नात्यावरच्या, सुपरवायझरांसाठीच्या एक दिवसाच्या कार्यशाळेला गेलो, मनात नव्हतं.

सकाळचं सत्र मात्र लागलं. तान्ह्या मुलाच्या आईशी असलेल्या बंधाबद्दल मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीने मांडलेला विचार हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावला. पुढे तो साहेब आणि हाताखालच्यांपर्यंत आला. जवळीक टाळणारा साहेब मदत मागणाऱ्याला कमकुवत समजू शकतो. आणि आपल्याला सोडून जातील ही धास्ती असलेला? तो रजेच्या अर्जातही नाराजी शोधतो. हा दुसरा म्हणजे मीच. गेल्या महिन्यात एकाने जत्रेसाठी दोन दिवस मागितले, तर मी विचारलं, ‘दुसरीकडे मुलाखत आहे का रे?’ बिचारा येताना पेढे घेऊन आला.

दुपारी नुसत्या स्लाइड. वर प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाचे गुण सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले! हे चुकलंच. जेवण ठीक, मठ्ठा झकास.

पाचपैकी साडेतीन. आमच्या मॅनेजरसाहेबांनाही पाठवा, असं एचआरला हळूच सांगून ठेवलंय.