निकॉर २० मिमी एफ/४: सेकंडहँड लेन्सचा काही महिन्यांचा अनुभव

निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यासाठी मी गेल्या पावसाळ्यात निकॉर २० मिमी एफ/४ ही जुनी, रुंद कोनाची लेन्स घेतली आणि तेव्हापासून ती बहुतेक वेळ कॅमेऱ्यावरच आहे. ही लेन्स १९७४ ची, पुढे २० मिमीचीच एफ/३.५ आणि १९८४ मध्ये एफ/२.८ आली (एफचा आकडा जितका लहान, तितके प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे अपर्चर, मोठे उघडते). एफ/२.८ अधिक प्रकाश घेते हे खरे, पण तिला ६२ मिमीचे फिल्टर लागतात. माझ्या ५० मिमी लेन्सचे ५२ मिमीचे पिवळे आणि नारिंगी फिल्टर मात्र हिच्यावर जसेच्या तसे बसतात. मी कृष्णधवल फिल्मच वापरत असल्यामुळे माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

जुनी लेन्स घेताना लोक आधी काचेवरचे ओरखडे शोधतात; या लेन्सच्या बाबतीत पहिली तपासणी माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडण्याच्या बाजूने व्हायला हवी. निकॉनने १९७७ मध्ये लेन्सवर लावलेले अपर्चर कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला आपोआप कळवणारी ‘एआय’ पद्धत आणली. त्याआधीची, बदल न केलेली लेन्स एफएम२ वर चढवली, तर तिच्या अपर्चर रिंगची कड कॅमेऱ्याच्या माउंटजवळच्या छोट्या खिटीवर दाबली जाते आणि खिटी मोडू शकते. एफएम२ च्या आधीच्या एफएम कॅमेऱ्यावर ही खिटी बाजूला उचलता येते, एफएम२ वर तशी सोय नाही. आपली २० मिमी एफ/४ या दोन्ही काळांत तयार झालेली असूनही जाहिरातीत पुष्कळदा ‘निकॉनला बसते’ एवढेच लिहिलेले असते. एआय लेन्सवर अपर्चरच्या आकड्यांची दुसरी, बारीक ओळ असते आणि रिंगवरच्या धातूच्या ‘कानां’ना भोके असतात. या भागाचा स्पष्ट फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. त्यानंतर टॉर्चच्या उजेडात बुरशी आणि आतला धुरकटपणा पाहावा. अपर्चरच्या पात्यांवर तेल आले आहे का, हेही बघावे. पाती झटकन मिटत नसतील, तर कडक उन्हातले फोटो हमखास जास्त उजळ येतात.

वेरूळच्या कैलास लेण्यात ही लेन्स खरी कळते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले हे मंदिर डोंगर वरून खाली कोरत नेऊन घडवलेले असल्यामुळे त्याच्या भोवतीचा कडा आपल्याला फार मागे सरकू देत नाही. २८ मिमीमध्ये शिखर किंवा पायथा, यांपैकी एक सोडावेच लागत असे. २० मिमीमध्ये दोन्ही येतात, पण त्यासाठी कॅमेरा वर कलवला की ध्वजस्तंभ आणि भिंती माथ्याकडे एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा सरळ धरला, तर चौकटीचा खालचा निम्मा भाग नुसत्या फरसबंदीने भरतो. म्हणून मी आवारातल्या दगडी हत्तीच्या अगदी जवळ उभा राहतो आणि तो रिकामा भाग त्याला देतो. समोर जवळ काही ठेवता आले नाही, तर या लेन्सचे चित्र पोकळच दिसते, असे माझे ठाम मत झाले आहे. आडव्या-उभ्या रेघांची ‘ई२’ फोकसिंग स्क्रीन (डोळा लावून पाहताना जिच्यावर चित्र दिसते ती काच) एफएम२ मध्ये बसते आणि कॅमेरा सरळ धरायला तिची फार मदत होते.

फोकसचा त्रास उन्हात जवळजवळ नाहीच. एफ/११ वर अंतर सुमारे १.२ मीटर ठेवले की ०.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते आणि लेन्सवरच्या रंगीत रेघा हाच हिशेब दाखवतात. ४०० आयएसओची फिल्म आणि मराठवाड्यातले ऊन असेल, तर एफ/११ काय, एफ/१६ लाही शटर हातात धरण्याइतके वेगवान राहते.

अजिंठ्याच्या अंधारात मात्र ही लेन्स उणी पडते. तिथे फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते आणि पूर्ण उघडलेल्या एफ/४ वर माझ्या लेन्सचे कोपरे काळवंडतात, तपशीलही मऊ पडतो. कमी उजेडात माझ्या मूळ स्क्रीनमधल्या, फोकस जुळवायच्या दुभंग वर्तुळाचा अर्धा भाग डोळा जरा हलला तरी काळा होत असे, त्यामुळे अंतर अंदाजानेच लावावे लागे. भित्तिचित्रांसाठी ही लेन्स नेण्यात अर्थ नाही.

पैठणच्या नाथषष्ठीच्या गर्दीत तिने वेगळाच आनंद दिला. फोकस आधीच लावून ठेवलेला असल्यामुळे दिंडीत हातभर अंतरावरून फोटो घेता येतात. टाळकरी आणि त्यांच्यामागचा सगळा रस्ता एकाच चौकटीत मावतो. कडेला आलेला चेहरा मात्र बाहेरच्या बाजूला ताणला जातो. हा या लेन्सचा दोष नव्हे, इतक्या रुंद कोनाचा तो स्वभावच आहे. ज्यांचा चेहरा महत्त्वाचा, त्यांना मी मध्यभागी ठेवतो. तेवढी जागा मिळत नसेल, तर ५० मिमी लावतो.