इलफर्ड एचपी५ प्लस : नाशिकच्या उन्हात, डिजिटलच्या जोडीला

पांडवलेण्यांच्या व्हरांड्यातून बाहेर कॅमेरा रोखायचा असेल, तर ही कृष्णधवल फिल्म जरूर घ्या. दुपारी आतले काळे खांब आणि बाहेरचं पांढरं आभाळ यांत सात-आठ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) फरक सहज पडतो. खांबांसाठी एक्सपोजर लावलं की डिजिटलवर आभाळ जातं, एचपी५ ते धरून ठेवते.

सेन्सरचं गणित सरळ रेषेचं. प्रकाश दुप्पट, तर सिग्नल दुप्पट. पिक्सेलची इलेक्ट्रॉन साठवण्याची क्षमता संपली की पुढचा प्रकाश वाया जातो, आणि तो पांढरा भाग रॉ फाइलमधूनही (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतूनही) परत येत नाही. फिल्मवर सिल्व्हर हॅलाइडचे लहान-मोठे कण असतात. मोठ्यांना थोडा प्रकाश पुरतो, बारकांना जास्त लागतो. त्यामुळे उजळ भागात निगेटिव्हची घनता, म्हणजे काळेपणा, वाढतच राहते, फक्त हळूहळू. ढगांच्या कडा निगेटिव्हवर उरतात त्या यामुळेच.

सावलीत सगळं उलटं. चांगल्या फुल फ्रेम सेन्सरवर बेस आयएसओला (सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेला) काढलेली रॉ फाइल तीन स्टॉप उचलली तरी काम भागतं. एचपी५वर सावलीला प्रकाश कमी पडला तर तिथे निगेटिव्ह कोरी राहते, मग स्कॅनर कितीही भारी असो. डिजिटलवरून येणारे नेमके इथे फसतात : आभाळ वाचवायच्या सवयीने एक स्टॉप कमी देतात आणि अख्खा रोल पातळ येतो. कॅमेऱ्यातलं सरासरी मीटर वापरत असाल तर आयएसओ फिल्मच्या ४००ऐवजी २०० लावा. स्पॉट मीटर (फक्त छोट्या भागाचा प्रकाश मोजणारं) असेल तर ४००च ठेवा, तपशील हवा त्या सावलीवर मीटर धरा आणि दोन स्टॉप कमी करा.

१८ क्रमांकाच्या लेण्यात, चैत्यगृहात, एक्सपोजर लांबतं. मीटर १० सेकंद म्हणालं तर एचपी५ला सुमारे २० द्यावे लागतात. इलफर्डचं सूत्र मीटरच्या सेकंदांचा १.३१ वा घात असं आहे. मंद प्रकाशात कणावर चांदीचा पहिला अणू तयार होतो, पण पुढचा फोटॉन येईपर्यंत तो टिकतोच असं नाही. सेन्सरला हा प्रश्न नाही, तिथे १० म्हणजे १०. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा.

घरी डेव्हलप करणाऱ्यांची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० अंशांच्या आसपास जातं, आणि त्या तापमानाला न पातळ केलेल्या आयडी-११ या इलफर्डच्या डेव्हलपरची वेळ पाच मिनिटांच्याही खाली येते. मग फिल्मवर पट्टे उमटतात. म्हणून १+१ करा, म्हणजे डेव्हलपरइतकंच पाणी मिसळा : २० अंशांना १३ मिनिटं, २४ला साधारण ९. बर्फ बाटल्यांभोवतीच्या टबमध्ये घाला, डेव्हलपरमध्ये नाही. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाला हवं. पहिल्या दहा सेकंदांत डेव्हलपिंगचा डबा चारदा उलटा करा, पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच. बोअरचं पाणी असेल तर शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-चार थेंब टाकून करा. नाहीतर वाळल्यावर क्षारांचे डाग हमखास.

उणिवाही आहेत. पिवळा फिल्टर नसेल तर निळं आभाळ फिकट येतं, आणि फिल्टर लावला की एक स्टॉप जातो. सेन्सरचा नॉइज अंधारात दिसतो, फिल्मचा ग्रेन मात्र सपाट करड्या आभाळात. ३५ मिमीवर मोठी प्रिंट काढली की तो डोळ्यांत येतो. तिथे हीच फिल्म १२० या मोठ्या आकारात घ्यावी.

रामकुंडावर दिवेलागणीनंतर हातात कॅमेरा धरून काम करायचं तर फिल्म १६००ला पुश करता येते, म्हणजे १६०० धरून एक्सपोज करून जास्त वेळ डेव्हलप करता येते : न पातळ केलेला आयडी-११, २० अंश, १४ मिनिटं. पण पुशने कॉन्ट्रास्ट वाढतो, सावलीत नव्याने काही उमटत नाही. त्या वेळेला डिजिटलच न्या.