लॉगरोटेट: क्रिएट की कॉपीट्रंकेट?

लॉगरोटेट हे लिनक्सवर लॉग फाइल्स, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइल्स, वेळोवेळी बदलणारं साधन; क्रिएट आणि कॉपीट्रंकेट या त्याच्या दोन पद्धती. डिस्क 100 टक्के भरल्याचं डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) सांगतं, आणि डीयू (फाइल्सनी व्यापलेली जागा मोजणारी कमांड) चालवून बघावं तर तेवढ्या फाइल्स दिसतच नाहीत. हा घोळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तासभर चुकीच्या जागी शोधत होतो. कारण क्रिएट पद्धतीत होतं. यात लॉगरोटेट जुन्या फाइलचं नाव बदलतं आणि नवी रिकामी फाइल तयार करतं. पण प्रोग्रॅमने फाइल नावाने नाही, आयनोडने (डिस्कवरच्या तिच्या अंतर्गत नोंदीने) धरलेली असते. तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. पुढे ती कॉम्प्रेस होऊन मूळ फाइल पुसली गेली, तरी जागा सुटत नाही. एलएसओएफ या उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत समोर ‘डिलीटेड’ दिसलं की समजायचं, हेच झालंय. उपाय म्हणजे पोस्टरोटेटमध्ये (फाइल बदलल्यावर चालणाऱ्या कमांड्सच्या भागात) प्रोग्रॅमला लॉग पुन्हा उघडायला सांगणारा सिग्नल: इंजिनएक्स या वेब सर्व्हरला यूएसआर1, आरसिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या सेवेला हप. सोबत डिलेकॉम्प्रेसही टाका, म्हणजे कॉम्प्रेस करणं पुढच्या फेरीपर्यंत लांबतं.

कॉपीट्रंकेट फाइलची नक्कल करतं आणि मूळ फाइल जागच्या जागी शून्य करतं. सिग्नलची गरज नाही. मात्र नक्कल आणि शून्य करणं यांच्यामधल्या क्षणात आलेल्या ओळी कायमच्या जातात. शिवाय प्रोग्रॅमने फाइल अपेंड मोडमध्ये (नेहमी फाइलच्या शेवटीच लिहिण्याच्या पद्धतीत) उघडली नसेल, तर तो जुन्याच ठिकाणापासून पुढे लिहितो. एलएस या फाइल्सची यादी देणाऱ्या कमांडमध्ये फाइल पुन्हा अवाढव्य, डीयूमध्ये मात्र चिमुकली!

माझा कौल क्रिएटला. लॉग पुन्हा उघडणं ज्याला जमतच नाही, अशा प्रोग्रॅमपुरतंच कॉपीट्रंकेट वापरतो. ऑडिटच्या लॉगला तर मुळीच नाही.