व्हॅलग्राइंड की ॲसॅन: पावसाळाभर वापरल्यावर बदललेलं मत

काम छोटं: गोव्यातल्या १२ तालुक्यांचा पाऊस नोंदवणारा सी प्रोग्राम. लॅपटॉप जुना, रॅम ८ जीबी, आणि विकतचं साधन घ्यायचं नाही. मेमरीतल्या चुका पकडणारी दोन फुकट साधनं होती: ॲसॅन (अ‍ॅड्रेससॅनिटायझर, कंपाइल करतानाच प्रोग्राममध्ये तपासण्या घालतं) आणि व्हॅलग्राइंड (तयार प्रोग्राम आपल्या देखरेखीखाली चालवतं; त्यातलं मेमरी तपासणारं साधन म्हणजे मेमचेक). जूनमध्ये माझं मत ठाम होतं: ॲसॅन असताना व्हॅलग्राइंड कशाला? ॲसॅनखाली वेग साधारण निम्म्यावर येतो, मेमचेकखाली तोच प्रोग्राम २०-३० पट रेंगाळतो.

गोची तालुक्यांच्या नावांत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजायचे. ‘फोंडा’ला १५ आणि शेवटचा शून्य बाइट, म्हणजे १६ बाइटच्या अ‍ॅरेत बरोबर मावतो. ‘डिचोली’ला शून्य बाइट धरून १९ लागतात, ‘धारबांदोडा’ला ३१. अ‍ॅरे स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत) असेल तर मेमचेक गप्प बसतं. ॲसॅन स्ट्रकॉपीच्या (नाव कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या) ओळीवरच थांबून १९ बाइटचं लेखन दाखवतं. मॅलॉकने (प्रोग्राम चालू असताना मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतलेले १६ बाइट असतील तर दोघंही पकडतात.

पण हाच अ‍ॅरे स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या फील्डांच्या गठ्ठ्यात), आणि लगेच पुढे मिलिमीटरचा इंट (पूर्णांक) असेल तर दोघंही चुकतात. त्यांचा पहारा स्ट्रक्टच्या बाहेर असतो, आतल्या फील्डांमध्ये नाही. पाऊस ० ठेवून मग नाव कॉपी केलं की वेलांटीचे शेवटचे दोन बाइट इंटमध्ये शिरतात आणि इंटेलच्या मशीनवर डिचोलीचा पाऊस ३२९३३ मिमी दिसतो! इतकी साधी चूक या दोन साधनांतून सुटावी याचा मला अजूनही राग येतो. ती पकडते जीसीसी कंपायलरबरोबर मिळणारी फोर्टिफाय सोर्स ही तपासणी, पातळी २. पातळी १ पूर्ण स्ट्रक्टचे २० बाइट मोजते, म्हणून १९ चालवून घेते. ऑप्टिमायझेशन किमान ओ-१ हवं, आणि ही बिल्ड ॲसॅनपासून वेगळी ठेवा. कॉपी करणारं फंक्शन नुसता कॅर पॉइंटर (अक्षरांच्या जागेचा पत्ता) घेत असेल आणि इन्लाइन होत नसेल (त्याचा कोड बोलावलेल्या जागीच घातला जात नसेल), तर आकार कळत नाही आणि हीसुद्धा हुकते.

मेमचेक परत आणलं ते न भरलेल्या मेमरीसाठी. ॲसॅन ती बघतच नाही. मेमचेकची तक्रार मात्र कॉपीच्या ओळीवर येत नाही, ती किंमत एखाद्या इफमध्ये वापरली की येते. म्हणून मेमचेकचा ट्रॅक-ओरिजिन्स हा पर्याय लावा, आणखी संथ होईल पण कुठला मॅलॉक ते सांगेल. स्क्रिप्टमधून चालवताना एरर-एक्झिटकोड हा पर्यायही द्या, नाहीतर चुका सापडूनही प्रोग्रामचा स्वतःचा शून्यच (म्हणजे ‘सगळं ठीक’) परत मिळतो.

उपाय म्हणून नुसतं एसएनप्रिंटएफ (दिलेल्या लांबीपुरतंच लिहिणारं फंक्शन) लावू नका: १६ च्या अ‍ॅरेत ते मुकाट्याने ‘डिचोल’ छापतं. अ‍ॅरे ३२ चा करा.