स्टिअरिंग आर्मवरचा काळा रंग

फोंड्याजवळच्या आमच्या घरामागील शेडमध्ये मी गेली चार वर्षे १९३० च्या दशकातील धाटणीची एक दोन आसनी गाडी घडवीत आहे. शिडीसारखी चॅसिस, पुढे सलग बीम एक्सल, दोन्ही बाजूंना पाटे आणि चाके वळवण्यासाठी किंगपिन अशी तिची जुन्या पद्धतीची रचना आहे. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात स्पष्ट असल्यामुळे ती केवळ आमच्या भाटातील, म्हणजे बागायतीतील, वाटेवर चालवायची, असे पहिल्यापासून ठरले आहे. तरीही स्टिअरिंगच्या भागांत काटकसर करायची नाही, हेही तितकेच पक्के होते. ब्रेक दगा देऊ लागले तर खालचा गिअर टाकून आणि हँडब्रेक ओढून गाडी थोडीफार सावरता येते, पण आर्म, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोचवणारा दांडा, तुटला की चालकाच्या हातात नुसते चक्र उरते आणि चाक त्याला वाटेल तिकडे जाते.

दोन स्टिअरिंग आर्म, एक ड्रॉप आर्म, किंगपिनची जोडी आणि पाट्यांच्या शॅकल पट्ट्या एवढे भाग बाहेरून करून घ्यायचे होते. एका परिचिताकडून घाटापलीकडील एका फॅब्रिकेटरचा संपर्क मिळाला. त्याने लेथवर चाललेल्या कामाचे व्हिडिओ पाठवले आणि नमुना म्हणून आरशासारखा ग्राइंड केलेला एक किंगपिन कुरिअरने पाठवला. तो नमुना निर्दोष होता, आणि माझा विश्वास त्यावरच बसला. मी दिलेल्या ड्रॉइंगवर 'ईएन-२४, अखंड ठोकळ्यातून, वेल्डिंग नको' असे ठळक लिहिले होते. या पोलादात सुमारे ०.४ टक्के कार्बन आणि जोडीला निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असते. ते व्यवस्थित तापवून न घेता वेल्ड केले, तर जोडाच्या कडेचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि तडा कधी कधी वेल्डिंगनंतर काही तासांनी, तर कधी दुसऱ्या दिवशी जातो. फॅब्रिकेटरने हे सर्व मान्य केले, ६८ हजार रुपये सांगितले, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल पाठवण्यापूर्वी मागितली, आणि पक्के बिल नको असेल तर कर वाचेल असे सुचवले. मी त्याला होकार दिला आणि दोन्ही हप्ते त्याच्या वैयक्तिक खात्यावर भरले. माझी सर्वांत मोठी चूक ती हीच.

माल आला तो जाड, चकचकीत काळ्या पावडर कोटिंगमध्ये. सोबत मोबाईलवर कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटचा फोटो होता. त्यात ईएन-२४ चे घटक, कठीणपणा, हीट नंबर (पोलाद ज्या ओतीव घाण्यातले आहे त्याचा क्रमांक) सगळे नीट छापलेले होते. भाग हाताला भारदस्त लागले, म्हणून मी समाधानी झालो. वास्तविक वजनावरून काहीही कळत नाही, कारण साध्या एम. एस. (माइल्ड स्टील) पट्टीची आणि ईएन-२४ ची घनता जवळजवळ सारखीच असते, आणि चुंबक दोघांनाही चिकटतो. जो हीट नंबर कागदावर होता तो एकाही भागावर ठोकलेला नव्हता, हे मात्र मला तेव्हाच दिसायला हवे होते. भाग आणि कागद यांना जोडणारा तेवढा एकच दुवा असतो.

मे महिन्यात भाग बसवले, गाडी भाटात ढकलून चाके या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा वळवली. पाऊस सुरू झाल्यावर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, उजव्या आर्मच्या गोल डोक्याजवळ रंगातून केसासारखी बारीक तांबूस रेघ उमटलेली दिसली. मी ती पुसली. दोन दिवसांनी ती पुन्हा त्याच जागी आली. आमचे शेजारचे काका शिपयार्डमध्ये वेल्डिंग तपासणीच्या कामातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी बॅटरी धरून ती रेघ पाहिली आणि म्हणाले, "अरे, गंज पसरतो, रेघ मारीत नाही. रेघ आली म्हणजे खाली फट आहे. रंग काढल्याशिवाय या गाडीत बसू नकोस."

रंग काढल्यावर त्यांनी आर्म स्वच्छ पुसला, त्यावर लाल भेदक द्रव लावला, थोडा वेळ थांबून तो पूर्ण पुसून काढला आणि वरून पांढरी पावडर फवारली. काही क्षण पृष्ठभाग कोरा पांढरा राहिला आणि मग डोक्याभोवती अर्धवर्तुळाकार लाल रेषा हळूहळू झिरपत वर आली. करवतीने तिथेच कापल्यावर आतले सगळे उघडे पडले. गॅसने कापलेल्या पट्टीला वेगळे गोल डोके वरवर वेल्ड केले होते, वेल्ड ग्राइंडरने घासून सपाट केला होता, आणि आत दोन तुकड्यांमध्ये नख शिरेल एवढी पोकळी होती. त्या काळ्या कोटिंगचे काम गंज रोखण्याचे नव्हते.

मग बाकीचे भागही तपासले. ईएन-२४ मी सांगितलेल्या 'टी' स्थितीत, म्हणजे ठरावीक कठीणपणा येईल असा उष्णतासंस्कार केलेले, असते तर कठीणपणा २४८ ते ३०२ ब्रिनेल यायला हवा होता; कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये माझ्या आर्मचा आकडा १३० च्या आसपास आला, म्हणजे ते साधे एम. एस. होते. नमुन्याच्या किंगपिनवर कानस घसरत होती, आलेल्या जोडीवर ती सहज चावली. दोन्ही चाकांचे आर्म जोडणाऱ्या टायरॉडच्या बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते, तिच्यासाठी भोकही रीमरने तसेच निमुळते करावे लागते. दांडीला निळा रंग लावून बसवून पाहिली, तर भोकाच्या वरच्या कडेला फक्त एक बारीक कडे उमटले. भोक सरळ ड्रिलने पाडलेले होते, म्हणजे सगळा भार त्या कडेवर येऊन दांडी हलत हलत झिजली असती. शॅकल पट्ट्या तेवढ्या ठीक होत्या.

फॅब्रिकेटरला कापलेल्या आर्मचे फोटो पाठवले, तेव्हा प्रथम तो म्हणाला की परत पाठवा, वेल्ड मजबूत करून देतो. अखंड ठोकळ्याचे काय, असे विचारल्यावर त्याने फोन उचलणे बंद केले. मी तुकडे परत पाठवले नाहीत, आणि ते योग्यच झाले, कारण आज पुरावा म्हणून माझ्याकडे तेच आहेत. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल नसल्यामुळे मला बँकेच्या नोंदी, ड्रॉइंग आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण यांवर अवलंबून राहावे लागत आहे. कर वाचवण्याच्या मोहाने मी माझीच बाजू लंगडी केली.

स्टिअरिंगचे भाग कोणाकडून करून घेत असाल, तर माल रंग न लावता, केवळ तेल चोपडून मागवा. रंगाचा आग्रह धरणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नका. हीट नंबर भागावर ठोकलेला नसेल, तर सर्टिफिकेटला काडीची किंमत देऊ नका. मी आता जुन्या जीपचे मूळ फोर्ज केलेले आर्म घेतले आहेत आणि ते तापवून वाकवण्याऐवजी टायरॉडची लांबी त्यांना जुळवून घेतो आहे.

गेल्या महिन्यात सावंतवाडीच्या एका तरुणाचा त्याच परिचितामार्फत फोन आला. त्यानेही त्याच फॅब्रिकेटरकडे ड्रॉप आर्म करायला दिला होता आणि दुसरा हप्ता भरायचा होता. त्याला आलेले सर्टिफिकेट मी पाठवायला सांगितले आणि माझ्याकडच्या फोटोशेजारी ठेवून पाहिले. तारीख तीच होती, हीट नंबर तोच होता, कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा तोच होता.