एअरबॅगचा दिवा विझला, पण एअरबॅग मेलेलीच होती

गेल्या पावसाळ्यात गाडीचा हॉर्न वाजेनासा झाला. स्टीअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणंही बंद पडली आणि मीटरमध्ये लाल चित्र पेटून राहिलं: पट्टा लावून बसलेला माणूस, पुढ्यात गोल फुगा. साताऱ्यात ओळखीतून एका गॅरेजला गाडी दाखवली. "साहेब, एअरबॅगचं मोड्यूल गेलंय. कंपनीत तीस हजार सांगतील, मी साडेचौदात बसवतो." आईच्या पुण्याला दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, गाडी लगेच हवी होती. हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी दिवा गेलेला होता. हॉर्नसाठी मात्र डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवलेलं. तिथंच मला खटकायला हवं होतं. पैसे रोख दिले, पक्कं बिल मागितलं नाही.

सात महिने मी आईला शेजारी बसवून खंबाटकी घाटातून ये-जा केली.

मग भाचा ड्रायव्हिंग शिकायला लागला. एकदा माझ्या गाडीत चावी फिरवून म्हणाला, "मामा, क्लासच्या गाडीत फुगेवाला माणूस येतो आणि जातो. तुझ्यात येतच नाही." मी पुन्हा चावी फिरवली. बॅटरी, ऑइल, हँडब्रेक, सगळे दिवे पेटले. एअरबॅगची जागा काळीच.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर मीटर उघडलं. डायलच्या मागं, त्या चित्रावर नखाएवढी काळी चिकटपट्टी लावलेली होती. मोड्यूल जुनंच, त्याला कुणी हातही लावलेला नव्हता. गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर जोडल्यावर ड्रायव्हरच्या एअरबॅगचं सर्किट तुटलेलं दिसलं. गेलं होतं ते क्लॉक स्प्रिंग. स्टीअरिंगच्या मागं गुंडाळलेली ही चपटी केबल चाक फिरेल तशी उलगडते, गुंडाळते. हॉर्न, बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग यांचं कनेक्शन तिच्यातूनच जातं. म्हणून तिन्ही एकदम गेले. तो पार्ट मजुरीसकट ५,२०० रुपयांत बदलून झाला. हॉर्न पुन्हा स्टीअरिंगवर वाजला.

अपघातात एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्यात फुगते. तेवढ्यासाठी ती यंत्रणा चावी फिरवल्यापासून स्वतःला तपासत असते आणि बिघाड दिसला की दिवा पेटता ठेवते. माझ्या गाडीतला तो इशाराच झाकला होता. पट्टी लावणाऱ्यानं माझ्या आईचा जीव साडेचौदा हजारांना विकला असं मला आजही वाटतं.

त्याला जाब विचारला. "तुम्हाला दिवा बंद करून हवा होता, केला ना?" बिल नसल्यानं ग्राहक आयोगात दाखवायला माझ्याकडे काहीच नाही.

तुमच्याही गाडीत आज चावी फिरवून बघा. हा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटून राहिला तर बिघाड आहे, पेटलाच नाही तर संशय घ्या. जुनी गाडी घेताना हे आधी बघा, कारण एअरबॅग उडालेल्या गाडीत नवी न बसवता रेझिस्टर, म्हणजे एअरबॅग जागेवर आहे असं यंत्रणेला भासवणारा छोटा पार्ट, जोडूनही दिवा विझवतात. अशी गाडी चावीच्या परीक्षेत पास होते. तिथं एअरबॅगचं झाकण, डॅशबोर्डची शिवण आणि विम्याच्या क्लेमचा इतिहासच तपासावा लागतो. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट मागा, जुना पार्ट हातात घ्या. आणि एअरबॅगच्या वायरींच्या पिवळ्या कनेक्टरांना घरी टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा दिवा) लावू नका, एअरबॅग तोंडावर उडू शकते.