बेब रूथ की हँक ॲरन?

न्यू जर्सीतल्या भाच्याला शाळेच्या प्रकल्पासाठी एकच बेसबॉलपटू निवडायचाय. ‘मामा, कोण घेऊ?’ म्हणून विचारत होता. ‘सार्वकालिक महान’ वगैरे बिरुदं बाजूला ठेवू.

एकूण होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका): रूथ 714, ॲरन 755. पण रूथने ते सुमारे 8,400 ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या पाळ्यांत) मारले, ॲरनला 12,364 लागले. म्हणजे रूथचा साधारण दर बाराव्या ॲट-बॅटला एक, ॲरनचा सोळाव्याला. धडाक्यात रूथ सरळ पुढे. 1920 साली त्याने एकट्याने 54 मारले. अमेरिकन लीगमधल्या (अव्वल बेसबॉल म्हणजे मेजर लीग, तिचा एक विभाग) इतर कुठल्याही अख्ख्या संघाचे तेवढे नव्हते! शिवाय पिचर (चेंडू फेकणारा) म्हणून 94 विजय, ते वेगळेच.

सातत्यात मात्र ॲरनच. एका मोसमात 47 च्या वर कधी गेला नाही, तरी 23 मोसम खेळला. त्याचे 755 होमरन वजा केले तरी 3,016 हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं) उरतात. 2,297 आरबीआयचा (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा) विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

आता काळ. रूथच्या वेळी मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता, त्यामुळे कित्येक उत्तम पिचर त्याच्यासमोर आलेच नाहीत. कृष्णवर्णीय ॲरन रूथचा विक्रम मोडायला निघाला तर धमक्यांची पत्रं आली. 8 एप्रिल 1974 ला अटलांटात त्याने 715 वा मारलाच.

किस्से आणि एकेका मोसमाचे थक्क करणारे आकडे हवे असतील तर रूथ घे. आकड्यांसोबत अमेरिकेचा इतिहासही मांडायचा असेल, तर ॲरन.